पोटावरच्या रेघा आणि नखाचा दोष

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीची गोष्ट. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी पुण्याहून फोंड्याला माहेरी आली होती. सातवा महिना सरत आला होता. चवथीचे घर कसे असते ते तुम्हाला सांगायला नको. माटोळीची घाई, नेवऱ्यांचे डबे, पाहुण्यांची ये-जा. दुपारची जेवणे आटोपल्यावर ती आतल्या खोलीत उशीला टेकून पडली होती आणि ओढणीआड हळूच पोट खाजवत होती. माझी आई, म्हणजे तिची आजी, वय वर्षे ब्याऐंशी, दारातूनच ओरडली, "नाखूट लाय नाका गे बाय! रेगो पडटल्यो."

रेघा केव्हाच पडल्या होत्या. बेंबीच्या खाली दोन्ही बाजूंना, पिकल्या भिरंडाच्या सालीसारख्या जांभळट लाल, बोटभर लांबीच्या आठ-दहा तरी असतील. मी त्या पाहिल्या आणि विचार न करता बोलून गेले, "पडल्याच की! तेल लावत नव्हतीस वाटतं?"

लेकीने काही न बोलता बॅगेतून एक तेलाची बाटली आणि दोन मलमाच्या ट्यूबा काढून माझ्यासमोर ठेवल्या. "तीन महिने रोज दोन वेळा लावतेय आई. आणखी काय करायला हवं होतं ते सांग." एवढे म्हणून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली कसली, रडत होती.

मला फार वाईट वाटले. कारण तशाच रेघा माझ्याही पोटावर आहेत. आता त्या पांढऱ्या झाल्या आहेत, पण गेलेल्या नाहीत. तीस वर्षांपूर्वी त्या पडल्या तेव्हा आईने मलाही हेच सांगितले होते, "तू खाजवलंस म्हणून." आणि मी ते इतकी वर्षे खरे मानत आले. माझ्या हातून काहीतरी चुकले, असे. तीच चूक मी आता लेकीच्या पदरात टाकली होती.

असो. त्या रात्री आरत्या संपल्यावर मी आजोबांचे कपाट उघडले. आमचे आजोबा गावात वैद्यकी करीत. त्यांची चरकसंहिता वाळवी लागता लागता वाचली आहे. नखाने रेघा पडतात हे नक्की आले कुठून, ते मला शोधायचे होते. शोधायला वेळ लागला नाही. शारीरस्थानाच्या शेवटच्या, आठव्या अध्यायातच ते सापडले.

चरकाने या विकाराला नाव दिले आहे 'किक्किस'. आजचे वैद्यही गरोदरपणातल्या या रेघांना हाच शब्द वापरतात. पुढच्या काळातल्या टीकाकारांनी त्याचा अर्थ मांड्या, स्तन आणि पोट यांवर उमटणाऱ्या रेघांसारख्या वळ्या, असा उलगडून सांगितला. चरक म्हणतो की सातव्या महिन्यात गर्भाच्या दाबाने दोष वर छातीकडे सरकतात आणि तिथे जळजळ करतात. जळजळीतून खाज सुटते आणि खाजेतून किक्किस उद्भवतो. म्हणून गर्भिणीने खाजवू नये, खाजवल्याने त्वचा फाटते आणि रूप बिघडते. झाले! माझ्या आईचे वाक्य सुमारे दोन हजार वर्षांचे जुने निघाले.

पण त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटली. चरक आधी बायकांचे म्हणणे नोंदवतो. बायका म्हणतात की पोटातल्या बाळाला केस येऊ लागतात, त्यामुळे आईला जळजळ होते. आणि लगेच भगवान आत्रेयांचा निकाल येतो की तसे नाही. जुन्या शास्त्रग्रंथांत साध्या बायाबापड्यांचा आवाज कितीसा ऐकू येतो? इथे तो एका वाक्यापुरता येतो आणि पुढच्याच वाक्यात खोडला जातो.

गंमत अशी की बायकांचे ते म्हणणे अजून जिवंत आहे. छातीत जळजळते म्हणजे बाळाला जावळ दाट, असे आपल्याकडेच नव्हे तर अमेरिकेतल्या आज्याही सांगतात. २००६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ही समजूत खोटी ठरवावी म्हणून ६४ गरोदर बायकांची पाहणी केली. निघाले भलतेच. जळजळ जितकी जास्त, तितके बाळाचे केस दाट, असा संबंध त्यांना दिसला. केसांमुळे जळजळ होत नाही हे आत्रेयांचे म्हणणे बरोबरच आहे. पण गरोदरपणातली काही संप्रेरके दोन्ही गोष्टींच्या मुळाशी असावीत, असा संशोधकांनी अंदाज बांधला. म्हणजे बायकांनी पाहिले ते खरे होते, कारण तेवढे चुकले होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, रेघांच्या बाबतीतही असेच काहीसे घडले आहे.

चरकाने उपाय मात्र भरपूर दिले आहेत. बोरांच्या काढ्याबरोबर, मधुर औषधांनी सिद्ध केलेले थोडे लोणी पोटात घ्यावे. चंदन आणि कमळाचे देठ वाटून पोटावर व स्तनांवर लेप द्यावा. कडुनिंब, बोर, तुळस, मंजिष्ठा यांचा कल्क लावावा. हरिण-सशाच्या रक्ताचाही एक उपाय आहे, तो राहू द्या. कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेल्या तेलाची मालिश सांगितली आहे, पण कण्हेर विषारी आहे, तेव्हा घरी कुणी तो प्रयोग करू नये. जेवण मधुर असावे, त्यात तूप-तेल आणि मीठ कमी असावे, असेही तो सांगतो. आणि शेवटी त्याला त्या बाईची दयाही येते. खाज अगदीच असह्य झाली तर नख न लावता हाताने चोळावे, दाबावे, अशी सवलत तो देतो.

साधारण त्याच सुमारास, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आगेमागे, रोममध्ये सोरानस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. मूळचा आजच्या तुर्कस्तानातल्या एफिससचा. स्त्रियांच्या आजारांवर त्याने लिहिलेला ग्रंथ आज उपलब्ध आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पोट खाली ओघळत असेल तर ते रुंद पट्ट्याने सावरून धरावे आणि कच्च्या ऑलिव्हचे तेल व मर्टल हे झुडूप घालून केलेले मेणाचे मलम पोटाला लावावे, म्हणजे कातडी फाटत नाही, सुरकुतत नाही, असे त्याने सांगितले आहे. चरक आणि सोरानस यांची भेट होण्याचे कारण नाही. तरी दोघांचा समज एकच की कातडी वरून ताणली जाते, वरून फाटते, म्हणून वरून तेल लावले की वाचते. चामड्याच्या वहाणेला तेल देतो तसे.

हा समज पुढे जवळजवळ अठराशे वर्षे टिकला. या खुणांची नावेही तेच सांगतात. लॅटिनमधल्या 'स्ट्रिया' या शब्दाचा अर्थ खोबण किंवा चर, दगडी खांबांवर उभ्या कोरतात तशी. डॉक्टर आजही हाच शब्द वापरतात आणि पोर्तुगीजांचा 'एस्त्रियास' त्यातलाच. फ्रेंच लोक त्यांना 'व्हेर्जत्युर' म्हणतात. त्याचे मूळ छडी या अर्थाच्या शब्दात आहे, म्हणजे छडीचे वळ. आपल्या मराठीत मात्र रोजच्या वापरातला एकही शब्द नाही. पोटावरच्या रेघा म्हणायचे किंवा सरळ स्ट्रेच मार्क्स. निम्म्याहून अधिक बाळंतिणींच्या अंगावर असणाऱ्या गोष्टीला आपण धड नाव दिले नाही, कारण तिच्याविषयी बोलायचेच नसते. बोलायचे ते फक्त दोष देण्यापुरते.

आत काय घडते ते पहिल्यांदा नीट पाहिले गेले १८८९ साली. पॅरिसच्या त्र्वाझिए आणि मेनेत्रिए या दोन डॉक्टरांनी अशा रेघेखालच्या कातडीचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या कातडीचे मुख्य दोन थर असतात. वरचा थर पोटावर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहून जाड नसतो. त्याच्याखालचा जाड थर म्हणजे खरी कातडी. त्यात कोलॅजेनच्या बळकट दोऱ्यांचे विणकाम असते आणि मधूनमधून इलॅस्टिनचे लवचिक धागे, चड्डीच्या इलॅस्टिकसारखे, ताण सुटला की मूळ जागी आणणारे. रेघ पडते तिथे हे लवचिक धागे तुटलेले, विरळ झालेले दिसतात. कोलॅजेनच्या दोऱ्या आडव्या सरळ ओळीत लागतात आणि वरचा थर पातळ होऊन आत दबतो. म्हणजे ही जखम आतली आहे. वरची कातडी शाबूत असते. रेघ म्हणजे आतून झालेल्या जखमेचा व्रण. सुरुवातीला खालच्या रक्तवाहिन्या दिसतात म्हणून तो लाल-जांभळा दिसतो. वर्ष-दोन वर्षांत तो फिका पडतो, पांढरा होतो. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर कधी आजूबाजूच्या रंगाहून काळसरही दिसतो.

हे कळल्यावर नखाचा गुन्हा पुसला जातो. नख पोचते ते वरच्या थरापर्यंत. त्याने ओरखडा उठेल, जखम होईल, ती पिकेल, काळा डाग राहील. ही कारणे नख न लावण्यासाठी पुरेशी आहेत. पण खालच्या थरातले इलॅस्टिनचे धागे नखाने तुटत नाहीत. उलट क्रम असा असतो की कातडी ताणली जाते, कोरडी पडते, म्हणून खाज सुटते. खाज आणि रेघा एकाच वेळी येतात, म्हणून एकीमुळे दुसरी, असे वाटले. जावळ आणि जळजळ यांच्यासारखेच.

आता निव्वळ ताणाने रेघा पडतात म्हणावे तर तेही पुरते खरे नाही. जुळ्यांचे केवढेतरी पोट असलेल्या बाईला एकही रेघ नसते आणि लहानशा पोटावर जाळे उमटते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. वयात येताना भराभर उंची वाढणाऱ्या मुलांच्या पाठीवर आडव्या रेघा येतात, मुलींच्या मांड्यांवर, कमरेवर आणि छातीवर येतात. व्यायामशाळेत जाऊन दंड झपाट्याने फुगवणाऱ्या पोरांच्या काखेजवळही येतात.

याचा दुसरा धागा सापडला अमेरिकेत. हार्वे कुशिंग या मेंदूच्या शल्यविशारदाने १९३२ साली एका आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत बारीकशी गाठ होते आणि माणसाचा चेहरा चंद्रासारखा गोल होतो, धड सुटते, हातपाय मात्र बारीक राहतात, आणि पोटावर रुंद जांभळ्या रेघा उमटतात. या रोग्यांत स्त्रियाही होत्या आणि पुरुषही. पुढे उलगडले की या आजारात कॉर्टिसॉल हे संप्रेरक शरीरात फार वाढते. कॉर्टिसॉल वाढले की कातडीतल्या पेशी कोलॅजेन आणि इलॅस्टिन कमी बनवतात, कातडी आतून दुबळी होते आणि थोड्या ताणानेही फाटते. गरोदरपणात आणि वयात येतानाही संप्रेरकांची उलथापालथ असतेच. म्हणजे ताण हवा, पण त्याच्या जोडीला आतून सैल झालेली वीणही हवी.

ही वीण कुणाची किती घट्ट, हे बरेचसे जन्मतःच ठरलेले असते. २०१३ साली युरोपीय वंशाच्या सुमारे ३४ हजार लोकांची जनुके तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रेघा पडण्याशी संबंध असलेला एक ठळक फरक इलॅस्टिन बनवणाऱ्या जनुकाच्या शेजारीच सापडला. आईला रेघा असतील तर लेकीला पडण्याचा संभव जास्त, हे तर डॉक्टर कितीतरी वर्षे सांगत आले आहेत. पहिलटकरीण वयाने लहान असेल, वजन फार वाढले असेल, बाळ मोठे असेल, तरी संभव वाढतो. हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. माझ्या लेकीच्या पोटावर ज्या रेघा होत्या त्या तिने तेल न लावल्याने आल्या नव्हत्या. त्या माझ्याकडून आल्या होत्या, आणि माझ्या माझ्या आईकडून.

कॉर्टिसॉलच्या या गोष्टीला पुढे एक वाईट शेपूट आहे, आणि ते आपल्या गोव्याच्या दमट हवेत फार वळवळते, म्हणून सांगितलेच पाहिजे. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी सांधेदुखीच्या रुग्णाला कॉर्टिसोन टोचले आणि चमत्कार झाला. १९५० साली हेंच, केंडॉल आणि रायखस्टाइन यांना नोबेल मिळाले. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन यांनी त्याच जातीचे औषध मलमातून कातडीला लावून गुण येतो असे दाखवले आणि स्टिरॉइडच्या मलमांचे युग सुरू झाले. इसब आणि तत्सम आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही मलमे वरदान आहेत. पण जी गोष्ट कुशिंगच्या रोग्यांत आतून घडत होती तीच ही मलमे वरून घडवू शकतात. जांघ, काख, छातीखालची जागा अशा पातळ, झाकलेल्या कातडीवर तीव्र स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे चोळले की कातडी विरते आणि रेघा पडतात. कायमच्या.

माझा एक भाचा फुटबॉल खेळतो. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी जांघेत गजकर्ण झाले. लाजेपायी घरी बोलला नाही. कुणीतरी सांगितलेले एक मलम औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणून लावत राहिला. लावले की दोन दिवसांत खाज थांबायची, सोडले की दुप्पट पसरायचे. चार महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञाकडे गेला तेव्हा दोन्ही जांघांत करंगळीएवढ्या रुंद रेघा होत्या. त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टिरॉइड मिसळलेले होते. असे हजारो रुग्ण देशभर दिसू लागल्यावर त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने आवाज उठवला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइडे असलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली. नियम आहे, पण काउंटरवर तो किती पाळला जातो ते तुम्ही-आम्ही जाणतो. तेव्हा ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन अशी नावे दिसली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. पोरांनाही हे मोकळेपणाने सांगा. लाज झाकायला गेले की रेघा उरतात.

आता सोरानस आणि चरकाच्या तेलाकडे परत येऊ. शेवटी तेल लावून उपयोग होतो की नाही? याची रीतसर परीक्षा व्हायला आपले शतक उजाडावे लागले. कोको बटर हे जगभर नावाजलेले औषध. लेबनॉनमध्ये पहिलटकरणींच्या दोन गटांवर त्याचा प्रयोग झाला. एका गटाला कोको बटरचे मलम, दुसऱ्याला तसेच दिसणारे साधे मलम. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की दोन्हींत फरक नाही. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरचे सहा प्रयोग, एकूण ८०० बायकांचे, एकत्र तपासले. कोणतेही मलम लावल्याने रेघा टळतात असा पुरावा त्यात मिळाला नाही. त्याच वर्षी सोरानसच्याच देशात, तुर्कस्तानात, १४१ पहिलटकरणींवरचा एक लहान अभ्यास प्रसिद्ध झाला. काहीजणींनी बदामाचे तेल नुसते लावले, काहींनी ते हळूहळू चोळून मालिश केली, काहींनी काहीच केले नाही. नुसते तेल लावणाऱ्या आणि काहीच न करणाऱ्या यांच्यात फारसा फरक नव्हता, दोन्हींत पाचांतल्या दोघींना रेघा आल्या. मालिश करणाऱ्यांत पाचांतल्या एकीला. अभ्यास लहान आहे, त्यावरून ठाम बोलता येणार नाही. पण गुण आलाच असेल तर तो तेलापेक्षा हाताचा असावा.

हे वाचून मला आमच्या गावच्या वयजिणीची आठवण झाली. माझ्या आईची बाळंतपणे घरीच झाली, वयजिणीच्या हातून. तिच्या पिशवीत मलमे नव्हती. खोबरेल आणि भिरंडेल एवढेच. नव्या पिढीला भिरंडेल ठाऊक नसेल म्हणून सांगते. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बिया वाळवून कुटायच्या आणि पाण्यात उकळायच्या. तेल वर तरंगते. ते निवले की घट्ट होते आणि त्याचे मुठीने गोळे वळतात. हातावर चोळले की अंगाच्या उबेने मऊ होते. पावसाळ्यात पायांच्या भेगांना आणि थंडीत ओठांना आपण तेच लावत आलो. भिरंडेलाने कातडीतला ओलावा टिकतो, कोरडेपणा आणि खाज कमी होते. हे खरे काम आहे आणि त्यासाठी ते स्वस्त आणि उत्तम आहे. इलॅस्टिनचे तुटलेले धागे मात्र ते जोडत नाही. महागड्या बाटलीतले तेलही जोडत नाही. दोघांच्या किमतीत मात्र फार अंतर आहे.

मग काय करायचे? जे समजले ते सांगते. गरोदरपणात आंघोळीनंतर ओलसर अंगावर खोबरेल, भिरंडेल किंवा कुठलेही साधे, वासाचा भडिमार नसलेले मलम हलक्या हाताने चोळावे. नखे कापलेली ठेवावीत, सुती सैल कपडे वापरावेत. 'दोघांचे जेव' म्हणून ताट भरू नये, डॉक्टर सांगतील त्या बेताने वजन हळूहळू वाढू द्यावे. चरकाचाही आहाराचा सल्ला याहून फार वेगळा नाही. रेघा पडल्याच तर वर्षभर वाट पाहावी, त्या आपोआप फिक्या होतात. उघड्या भागावरच्या रेघांना ऊन लागू देऊ नये, आजूबाजूची कातडी काळवंडली की त्या जास्त उठून दिसतात.

औषधे आहेत, पण त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवायची तेही समजून घ्यावे. ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातले औषध ताज्या, लाल रेघांवर थोडेफार उपयोगी पडते, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. मात्र गरोदरपणात ते लावायचे नाही आणि अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लेसर आणि बारीक सुयांचे उपचारही रेघा पुसट करतात, पुसून टाकत नाहीत. ते खर्चाचे आहेत आणि सावळ्या कातडीवर काळे डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून जायचे तर जाणत्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे, ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे. रेघा नाहीशा करतो अशी हमी कुणी दिली तर पाकीट खिशातच ठेवावे.

आणि दोन गोष्टी मात्र थट्टेवारी नेऊ नयेत. शेवटच्या महिन्यांत अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना खाज सुटली, विशेषतः रात्री, तर ते यकृताच्या त्रासाचे लक्षण असू शकते आणि बाळाला धोका पोचू शकतो. रक्ततपासणीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दुसरे, गरोदरपण नसताना कुणालाही अचानक रुंद जांभळ्या रेघा आल्या, सोबत चेहरा गोल होऊ लागला, जरा लागले तरी काळेनिळे पडू लागले, जिना चढताना मांड्यांत बळ नाहीसे वाटू लागले, तर कुशिंगची आठवण ठेवावी आणि तपासून घ्यावे. तिथे रेघ ही तक्रार नसते, ती चिठ्ठी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीजवळ जाऊन बसले. एवढा सगळा इतिहास काही तिला सांगितला नाही. एवढेच म्हटले, "तुझं काही चुकलं नाही. माझंही चुकलं नव्हतं." मग खोलीचे दार लोटून, लाज बाजूला ठेवून, मी तिला माझ्या पोटावरच्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. तिने त्या कधी पाहिल्या नव्हत्या. अठ्ठावीस वर्षांची लेक, पण आईचे पोट तिने कधी पाहिले नव्हते. त्यांवरून बोट फिरवत ती म्हणाली, "या माझ्यामुळे?" म्हटले, "तुझ्यामुळे नाही गं. तुझ्या वेळच्या."

तेवढ्यात आई भिरंडेलाचा गोळा घेऊन आत आली. आम्ही दोघी काय पाहतो आहोत ते तिच्या लक्षात आले. क्षणभर थांबली, आणि काही न बोलता नातीजवळ बसून तिच्या पोटावर हलक्या हाताने तेल चोळू लागली. सातव्या महिन्यातली खाज कशी असते ते तिला साठ वर्षांनंतरही आठवत होते. त्या दिवशी नखाचे नाव तिने काढले नाही.

आता नातू दीड वर्षाचा आहे. सटीच्या रात्री त्याच्या कपाळावर काय लिहिले गेले ते कुणालाच वाचता येत नाही. लेकीच्या पोटावरच्या रेघा मात्र फिक्या होत चालल्या आहेत. परवा फोनवर म्हणाली, "आई, अजून आहेत गं." म्हटले, "राहू देत." तुमच्या घरी कुणी लेक-सून सातव्या महिन्यात असेल तर तिला तेल जरूर लावा. हाताला काम द्या, जिभेला थोडी विश्रांती द्या.